शास्त्रज्ञाचा हात न लागलेला गहू

डॉ. तानाजी खैरमोडे यांना बहुतेक माणसं आवडत नसत, आणि ही गोष्ट ते लपवायचे कष्टही घेत नसत. त्यात स्वभावाचा भाग थोडा आणि नोकरीचा जास्त. गव्हाच्या संशोधन केंद्रावर त्यांनी उभा जन्म काढला. नवं वाण काढणारा माणूस सतत काहीतरी घडवत असतो, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तो नापास करत असतो. दोन जातींचा संकर करायचा, त्यातून हजारो झाडं उठवायची, आणि मग दर हंगामात ओळीओळीतून हिंडत म्हणायचं, हे लोळतंय, काढा. ह्याला तांबेरा धरतोय, काढा. ह्याचा दाणा पोचट, काढा. शेवटी मूठभर उरतं, त्याला वाण म्हणायचं.

निवृत्त होऊन डोंबिवलीला राहायला आल्यावर शेत सुटलं, सवय सुटली नाही. सोसायटीचे चेअरमन लोळणारे, वारा येईल त्या अंगाला आडवे. सेक्रेटरी वरून टपोरे, दाबले की पोचट. जावयाचा निकाल तर डॉक्टरांनी लग्नाच्या मांडवातच लावला होता. सुशांतराव म्हणजे तांबेरा. लांबून पाहिलं तर पानावर केशराचा शिडकावा केल्यासारखा झळकतो, हात लावला की बोटांना चिकटतो, आणि शेजारच्या झाडाला कधी लागला ते कळत नाही.

शेजारचं झाड म्हणजे त्यांची मुलगी रुचिता. चांगली बँकेतली नोकरी सोडून ती वर्षभरापूर्वी नवऱ्याच्या धंद्यात उतरली होती. वागळे इस्टेटमध्ये एक जुनं वर्कशॉप घेऊन सुशांतनं दगडी जात्यावरच्या पिठाचा कारखाना टाकला होता. पिठाचं नाव ‘आदिकण’. पाकिटावर जटाधारी ऋषी, त्याच्या हातात ओंबी, आणि खाली ठसठशीत अक्षरात: ‘शास्त्रज्ञाचा हात न लागलेला गहू’.

हे वाक्य डॉक्टरांनी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वाक्य तिथंच होतं.

“अहो, जाहिरात आहे ती,” त्यांच्या पत्नी सरोजताई म्हणाल्या. “साबणाच्या जाहिरातीत बाई धबधब्याखाली नाचते, म्हणून आपण काय धबधबा आणतो का घरी?”

पाडव्यानंतरच्या रविवारी सुशांत आणि रुचिता जेवायला आले, सोबत संचिता नावाची एक मुलगी. ही ‘आदिकण’ची जाहिरात बघायची. बोलताना ती समोरच्याच्या डोक्याच्या थोडं वर बघे, तिथं कॅमेरा असल्यासारखं. श्रीखंड-पुरीचा बेत होता. पुऱ्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडच्या गव्हाच्या, म्हणजे शास्त्रज्ञांनी दोन्ही हात लावलेल्या. संचितानं पाचवी पुरी उचलत सांगितलं, “काका, ॲक्च्युअली आजकालचा गहू म्हणजे स्लो पॉयझन आहे.”

“मग जपून खा,” डॉक्टर म्हणाले.

सगळे हसले. संचिता जास्तच हसली, आणि सहावी पुरी घेतली.

जेवणानंतर खरा विषय निघाला. पुढच्या रविवारी नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये मोठा कार्यक्रम होता. डॉक्टर, आहारतज्ज्ञ, योगावाले, भिशीमंडळं, सगळ्यांना आमंत्रण. आणि त्यात डॉ. खैरमोडे यांनी दोन मिनिटं बोलायचं होतं. संचितानं भाषण मोबाइलवर लिहूनच आणलं होतं. तिनं ते डोक्यावरच्या कॅमेऱ्याकडे बघत वाचलं.

“मी एक गहू शास्त्रज्ञ. आयुष्यभर मी निसर्गाशी खेळलो. जास्त पिकवण्याच्या हव्यासापायी आम्ही तुमच्या ताटातलं अमृत हिरावून घेतलं. हे पाप आज मी कबूल करतो. माझ्या लेकीनं माझे डोळे उघडले.”

डॉक्टरांनी विचारलं, “हे कोणी केलं?”

“पाप?” सुशांतनं विचारलं.

“भाषण.”

“संचितानं. मस्त आहे ना, बाबा? रिपेंटन्स चालतो सध्या. एक डॉक्टर मागे असाच स्टेजवर रडलेला, त्याचं तेल हातोहात गेलेलं.”

“सुशांतराव, आमच्या वेळेला हिंदुस्थान बोटीतून येणाऱ्या गव्हावर जगत होता. लाल, किडका, परदेशात डुकरांना घालायचा. आमची आई रेशनच्या रांगेत उभी राहून तो आणायची आणि वास जावा म्हणून उन्हात पसरायची. ते अमृत आम्ही हिरावून घेतलं, होय?”

“बाबा, चिल. ते खरंच आहे. पण ते पाकिटावर नाही बसत.”

डॉक्टर उठून बाल्कनीत गेले. पाठोपाठ रुचिता आली. लहानपणी ती केंद्रावरच्या क्वार्टरमध्ये वाढली होती. सकाळी ओंब्यांमधले परागकोश चिमट्यानं काढायचं काम चाले, एकेका फुलातून, ते फुटायच्या आत. मग ओंबीवर बटर पेपरची पिशवी चढवायची, दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची. ते दोरे बांधायला ती हट्टानं येई. आता तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“बाबा, मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही.”

“मागितलंयस. भरपूर. पण बरं, बोल.”

“ह्या कार्यक्रमावर सगळं अडलंय. तो नीट झाला तर दोन मोठी दुकानं माल ठेवायला तयार आहेत. नाही झाला तर मला पुन्हा बँकेच्या दारात उभं राहावं लागेल आणि सुशांत... तुम्हाला माहितीये त्याचं. दोनच मिनिटं बोला. माझ्यासाठी.”

झाडं नापास करण्याची बापाची कला अशा वेळी काही कामाची नसते. डॉक्टर आत आले आणि भाषणाचा सौदा सुरू झाला. सौदाच म्हणायचा, मंडईत मेथीच्या जुडीवर होतो तसा.

“पाप काढा,” डॉक्टर म्हणाले.

“काका, पाप हा पीक पॉइंट आहे,” संचिता म्हणाली. “गुन्हा चालेल?”

“मी काय चोरी केली?”

“अपराध?”

“नाही.”

“चूक तरी घ्या ना, बाबा,” सुशांत म्हणाला. “चुकीत काय आहे? माणूस चुकतोच.”

“घाई,” डॉक्टर म्हणाले. “आम्ही थोडी घाई केली. एवढं म्हणेन.”

संचितानं तोंड वाकडं केलं. मग तिनं ‘थोडी’च्या जागी ‘फार’ घातलं, डॉक्टरांनी ते काढलं, तिनं ‘अमृत’ सोडायची तयारी दाखवून ‘लेकीनं डोळे उघडले’ राखून ठेवलं, आणि चहा येईपर्यंत मजकूर दोन्ही पक्षांना मान्य झाला. मंडळी गेल्यावर डॉक्टरांच्या मनात आलं, बरं पटवलं आपण! आणि लगेच त्यांना स्वतःचीच शिसारी आली. आयुष्यभराच्या कामाची माफी मागायला तयार होऊन वर शब्द कमी करून घेतल्याची शेखी! लोळणाऱ्या झाडाला काठीचा आधार दिला म्हणून ते उभं राहिलं असं थोडंच असतं?

वास्तविक ह्या माणसाच्या नावावर अभिमान धरावा असं एकच वाण होतं. बन्सी गहू, शेवया-रव्याचा, उंच वाढायचा आणि खत दिलं की अवकाळीच्या पहिल्या झपाट्यात भुईला मिळायचा. त्याची चव ठेवून त्याला कमरेइतकं ठेंगणं करायचं, आणि तांबेऱ्याला न जुमानणारं करायचं, ह्यात डॉक्टरांची ऐन उमेद गेली. शेवटी ते झाड सापडलं. वाण पास झालं, आणि नाव द्यायची वेळ आली तेव्हा वरच्या साहेबांना त्याच आठवड्यात नात झाली. तिचं नाव प्राप्ती ठेवलं, आणि गव्हाचंही प्राप्ती. बारशाचे पेढे डॉक्टरांनीही खाल्ले. प्रसिद्धीच्या फोटोत साहेब मधोमध होते आणि डॉक्टर इतके कडेला, की छापताना त्यांचा डावा खांदा तेवढा आला. तरी ते फारसे कुरकुरले नाहीत. झाड आपलं आहे, हे झाडाला माहीत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सुशांत त्यांना न्यायला आला. जाताना वागळे इस्टेटमधून सजावटीचं सामान उचलायचं होतं. कारखान्यात पिठाचा धुरळा उडत होता. जातं विजेवर फिरत होतं. त्याच्या दगडी चाकाच्या वर एक सुंदर लाकडी खुंटा बसवला होता, फोटोपुरता. भिंतीला टेकून गव्हाच्या पेंढ्या उभ्या होत्या, मुळापासून कापलेल्या, ओंब्यांसकट, भगव्या फितीनं बांधलेल्या. मंचावर दोन्ही बाजूंना त्या लावायच्या होत्या. पाच हजार वर्षांपूर्वीचा देखावा.

डॉक्टर पेंढीजवळ गेले आणि सवयीनं शेजारी उभे राहिले. कुठलंही झाड ते असंच मोजत, स्वतःच्या अंगाला लावून. ओंब्या कमरेला लागल्या.

पाच हजार वर्षांपूर्वीचा गहू कमरेला लागत नसतो. त्यांच्या आजाच्या शेतातला गहू छातीला लागायचा. त्यांनी एक ओंबी उचलली. कुसळं काळी, पण बुडाशी इंचभर पांढरी. मान एका अंगाला किंचित मुरडलेली, ऐकू न आल्यासारखी. त्यांनी ओंबी तळव्यावर चोळली, फुंकर मारली, दाणे तोंडात टाकून चावले. पोळीच्या गव्हाचा चिंगम होतो तसा झाला नाही. पिवळसर, दाट, किंचित गोड लगदा झाला. केंद्रावर दर हंगामात त्यांनी असाच तो चावला होता.

“सुशांतराव,” ते लगदा गालात धरून म्हणाले, “ही प्राप्ती आहे.”

त्यांना वाटलं, जावई चपापेल. निदान ‘काय सांगता!’ तरी म्हणेल. सुशांत मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, “हो.”

“हो म्हणजे?”

“प्राप्तीच आहे. निफाड साइडचे शेतकरी लावतात ना. मी स्वतः गेलेलो बघायला. टॉप गहू आहे, बाबा. पोळीला नाही तितका, पण खिचडी-रवा-शेवयांना बाप आहे. म्हणून तर घेतला.”

“हा मी केलाय.”

“माहितीये ना.”

“आणि ह्याच गव्हाची पाकिटं विकायला मी स्टेजवर चढून, हा गहू केल्याबद्दल माफी मागायची?”

सुशांतनं आता मान वर केली. चेहऱ्यावर अपराध नव्हता, कंटाळाही नव्हता. जरा कौतुकच होतं, म्हाताऱ्याला गणित सुटल्याचं. “बाबा, वाईट कशाला वाटून घेता? गहू तुमचाच, माफीपण तुमचीच. सगळं फॅमिलीतच राहिलं.”

डॉक्टरांनी तो लगदा कोपऱ्यात जाऊन थुंकला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तो कडू लागला. “रुचिताला माहितीये हे?”

“रुचिताला? बाबा, तिनंच तर ओळखला. मला काय कळतंय त्यातलं. शेतकरी म्हणत होता देशी आहे, देशी आहे. ही बांधावर बसली, कुसळं बघितली, म्हणाली, हा बाबांचा. हाच घे.”

गाडी नौपाड्याकडे निघाली. तीन हात नाक्याच्या सिग्नलला सुशांतनं त्यांना पाणी विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. पाण्यानं जाण्यासारखी ती चव नव्हती.

हॉल गच्च भरला होता. दारातच ‘पचनपूर्व चाचणी’ नावाचा काहीतरी प्रकार फुकट चालला होता आणि रांगेतल्या बायका एकमेकींना आपापल्या पोटांची गाऱ्हाणी अशा अभिमानानं सांगत होत्या, जणू मुलांचे मार्क. रुचिता मंचामागे पाकिटं रचत होती. डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं.

“तू ओळखलास?”

तिनं नाही म्हटलं नाही. हातातलं पाकीट खाली ठेवलं. “हो.”

“आणि तरी मला माफी मागायला लावतेस?”

“हळू बोला, बाबा. तुमच्या नावानं विकून बघितला आम्ही. पहिल्या लॉटवर छापलेलं मी, ‘संशोधन केंद्राचं सुधारित वाण’. सुधारित वाचलं की लोक पाकीट परत ठेवायचे. म्हणायचे, केमिकल असेल. बाई म्हणाली एक, इंजेक्शन दिलेला गहू आहे का हा? मग ऋषी छापला. ऋषी जातो. तुमचा गहू लोकांच्या ताटात गेलेला हवाय की तुमचं नाव पाकिटावर हवंय?”

“दोन्ही.”

“दोन्ही नाही मिळत.”

“मग एक विचारतो. ह्यात माफी कशाला? ऋषी पुरे होता की.”

रुचितानं नजर फिरवली. “ते सुशांतचं. मी नको म्हटलेलं. मग म्हटलं... दोन मिनिटांचं तर आहे.”

एवढ्यात मंचावरून संचिताचा आवाज आला. “आणि आता, ज्या क्षणाची आपण वाट बघत होतो. एक शास्त्रज्ञ. एक बाबा. एक कन्फेशन!”

डॉक्टर माइकपाशी आले. दोन्ही अंगांना प्राप्तीच्या पेंढ्या, मध्ये ते, समोर चारशे पोटं. मोबाइलवरचा मजकूर त्यांना पाठ होता. आम्ही थोडी घाई केली. तोंड उघडलं तर वाक्य येईना. गालात अजून त्या लगद्याची चव होती.

“हा गहू,” त्यांनी पेंढीवर हात ठेवला, “प्राचीन नाही. हा मी केलाय.”

कोपऱ्यात सुशांत खुर्चीतून अर्धा उठला.

“ह्याचं नाव प्राप्ती. उंच बन्सी आणि बाहेरून आलेला एक ठेंगणा गहू, ह्यांचा हा संकर. ठेंगण्याची ओंबी घेतली, तिच्या एकेका फुलातले परागकोश चिमट्यानं काढले, आणि बन्सीचे पराग तिच्यावर टाकले. त्यातून आलेली झाडं पिढ्यान्‌पिढ्या निवडली. आमच्या पिढ्या नाहीत, गव्हाच्या. एकही ऋषी त्या शेतात आला नव्हता. ह्याला शास्त्रज्ञाचा हात लागलाय. हा हात. ह्यात विष नाही, इंजेक्शन नाही. मला कसलाही पश्चात्ताप नाही. पाकिटावर लिहिलंय ते खोटं आहे. गहू मात्र चांगला आहे, खा.”

ते थांबले. त्यांना वाटलं, आता कोणीतरी उठेल, पाकीट परत करील, ओरडेल. त्यांना ते हवंच होतं. रुचिताकडे बघायचा धीर मात्र झाला नाही.

मग संचितानं माइक उचलला, डोळे पुसले (ते कोरडे होते) आणि म्हणाली, “गूजबम्प्स! फ्रेंड्स, कळलं का सर काय म्हणाले? जो गहू आपल्या पूर्वजांबरोबर हरवला, तो ह्या हातांनी परत आणला! ऋषी दुसरे कोण असतात हो? जोरदार टाळ्या!”

टाळ्या झाल्या. नुसत्या झाल्या नाहीत, लोक उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मंचावर येऊन डॉक्टरांच्या पायांना हात लावला. डॉक्टर पाय मागे घेत होते आणि गृहस्थ गुडघ्यांवर पुढं सरकत होते.

खाली उतरल्यावर पाकिटं घेऊन बायकांचा वेढा पडला. सही हवी होती, ऋषीच्या दाढीवर. एक बाई चष्म्यातून रोखून बघत म्हणाल्या, “म्हणजे डॉक्टर, हा त्या शास्त्रज्ञांनी बिघडवलेला नाही ना?”

“मीच बिघडवलाय, बाई.”

“तुमचं वेगळं हो!” बाई लाजल्या, आणि आणखी दोन पाकिटं उचलली.

डॉक्टरांना वाटलं, ह्याच्यापेक्षा माफी बरी होती. निदान ती खोटी आहे हे आपल्याला ठाऊक असतं. खरं बोललो ते ह्यांनी चाटूनपुसून गोड करून घेतलं. त्यांनी सही करायचं पेन त्या बाईंच्याच हातात देऊन बाहेरची वाट धरली.

परतताना गाडी रुचिता चालवत होती. सुशांत दुकानवाल्यांबरोबर मागे थांबला होता; माल ठेवायचं पक्कं झालं होतं. जाताना खिडकीत वाकून तो म्हणाला होता, “बाबा, तुम्ही तर स्क्रिप्टपेक्षा भारी! पुढच्या महिन्यात कल्याण. सेम टू सेम बोलायचं, तो ‘हा हात’वाला पॉज घ्यायचा.”

शीळफाटा आला. पुढं ट्रक अडकून पडले होते. रुचितानं इंजिन बंद केलं.

“बाबा, तुम्ही उलटं सांगितलंत.”

“काय?”

“मादी बन्सी होती. पिशवी बन्सीच्या ओंबीला घातलेली. ठेंगण्याचे पराग आणलेत तुम्ही, बशीत घालून, आणि मी दोरा बांधला. लाल दोरा.”

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. चारशे माणसांत एका माणसानं ऐकलं होतं, शब्दन्‌शब्द ऐकलं होतं, आणि त्याच माणसानं ऋषी छापला होता. झाड ओळखणारी नजर आपणच हिला दिली. ती नजर घेऊन हिनं बांधावर बसून माल निवडला. जावयावरचा राग कुठल्या कुठं गेला. आत जे उरलं ते रागाहून वाईट होतं.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “मादी बन्सी.”

“कल्याणला नीट सांगा.”

“कल्याणला मी येणार नाही.”

“बाबा, आता तर खोटं काहीच बोलायचं नाहीये. आजचंच बोलायचं.”

“म्हणूनच येणार नाही. तुला सगळं पाठ आहे. तू सांग.”

पुढचा ट्रक हलला. मागून हॉर्न वाजायला लागले, पण तिनं गाडी सुरू केली नाही.

“मी सांगितलं तर कोण ऐकणार आहे?”

“कोणी नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण निदान खरं तुझ्या तोंडून निघेल एकदा. गाडी काढ, लोक शिव्या देतायत.”